थांब्याच्या पुढे

सासऱ्यांना ग्लायडर वर नेता येत होतं, हवेत वळवता येत होतं, अलगद खाली आणताही येत होतं. त्यांचं घोडं अडायचं ते जमिनीवर टेकल्यावर, ब्रेक लावताना. आता ज्या माणसाने उभी हयात शहरातली बस चालवली, ज्याच्या बसमध्ये उभ्या प्रवाशाच्या हातातला चहाचा कपही हिंदकळत नाही अशी ख्याती, त्याला ब्रेक लावायला शिकवायचं म्हणजे पंचाईतच. त्यात शिकवणारी कोण, तर त्यांची सून.

सून आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या गवताळ मैदानावर लोकांना ग्लायडर शिकवायची. मैदानावर तिला लहानथोर सगळे ताई म्हणत. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे तार गुंडाळणारं एक दणकट यंत्र असतं. ते तारेने ग्लायडरला खेचतं, पतंगासारखं वर चढवतं, वर तार सुटते आणि त्यानंतर जे काही करायचं ते वाऱ्याच्या आणि स्वतःच्या भरवशावर. उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करायची सोय नाही. उतरायला चाक एकच, पोटाखाली. शेपटीला एक चिमुकलं असतं, ते नावापुरतं.

सासऱ्यांना तिथे तीच घेऊन गेली होती. सासूबाई गेल्या, मग वर्षभराने सासरे निवृत्त झाले, आणि गॅलरीत खुर्ची टाकून खालून जाणाऱ्या बसगाड्यांवर पहारा करू लागले. कोणती उशिरा आली, कुणाचा गिअर खरखरला, कुणी थांबा सोडून दहा पावलं पुढे गाडी उभी केली, हे सगळं संध्याकाळी जेवताना ऐकावं लागायचं. तिने विचार केला, निदान सुट्टीच्या दिवशी तरी मोकळ्या हवेत येतील. विंचची तार परत ओढून आणायला एक जुना ट्रॅक्टर होता, तो त्यांच्या ताब्यात दिला. महिनाभरात त्या ट्रॅक्टरचा आवाज बदलला आणि सासऱ्यांचाही. मग एका दुपारी कुणीतरी त्यांना ग्लायडरच्या पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणली. खाली आल्यावर ते पुन्हा ट्रॅक्टरवर जाऊन बसले. रात्री जेवण झाल्यावर ताटावरून न उठताच म्हणाले, "मला हे शिकायचंय."

तिचा नवरा विमा कंपनीत होता. जगातली प्रत्येक वस्तू कधी आणि कशी मोडेल, या नजरेने बघायची त्याला सवय लागलेली. बायको उडते हे त्याने लग्नाआधीच गिळलं होतं. आता वडीलही म्हटल्यावर त्याच्या घशाखाली घास उतरेना. त्याने डॉक्टरांवर आशा ठेवली होती, पण डॉक्टरांनी सासऱ्यांना पुढून-मागून तपासलं आणि कौतुकाने पाठ थोपटून परत पाठवलं. तेव्हा एका रात्री त्याने तिला गाठून सांगितलं, शिकू देत, हरकत नाही, तू मागे बसलेली असशील तर मला झोप लागेल. "पण त्यांना एकट्याला सोडणार नाहीस, एवढं मला कबूल कर."

तिने कबूल केलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. दिवा मालवून ती कूस बदलून पडून राहिली, आणि तिला कळत होतं की तोही जागाच आहे.

सासरे शिकले झपाट्याने. इंजिनाची घरघर नसली तरी यंत्राचं मन ओळखायची सवय मुरलेली होती. उतरण्यापर्यंत सगळं ठीक चालायचं. मग चाक टेकायचं आणि सगळा विचका व्हायचा.

त्याचं असं होतं की डाव्या हाताशी एक निळी दांडी असते. ती मागे ओढली की दोन्ही पंखांवर पट्ट्या उभ्या राहतात, हवा अडते आणि ग्लायडर खाली बसू लागतं. हीच दांडी पार मागे नेली की तिच्या शेवटच्या चार बोटांच्या चालीत पोटाखालच्या चाकाचा ब्रेक लागतो. दोन कामं, दांडी एक. सासरे खाली येता येता दांडी कचकन शेवटपर्यंत ओढून धरायचे. मग जमिनीला लागायचं ते आधीच आवळलेलं चाक. ग्लायडर एकदम अडखळायचं, शेपटी वर, नाक खाली, आणि पुढच्या सीटच्या खालून गवत खरवडल्याचा आवाज. एकदा त्यांची टोपी उडून समोरच्या काचेवर आपटली. एकदा नाकाने जमिनीत एवढी घळ पाडली की मैदानाची निगा राखणाऱ्या बाईंनी तिथे खुणेचा दांडा रोवून ठेवला. ग्लायडरची दुरुस्ती पाहणाऱ्या मिस्त्रींनी तर टायरच काढून त्यांच्यासमोर आणून ठेवला. एकाच जागी घासून आतले दोरे दिसत होते.

सासरे ओशाळले. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच.

ती वैतागली होती. रागावता येत नव्हतं, कारण घरी जाऊन त्याच माणसाला जेवायला वाढायचं होतं. शेवटी हँगरच्या, म्हणजे ग्लायडर ठेवायच्या शेडच्या मागे, जिथे तारेची रिळं पडलेली असत, तिथे दोघं चहा घेऊन बसले असताना तिने सरळच विचारलं की बाबा, तुम्हाला थांबायची एवढी घाई का असते.

सासऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू प्रश्नच कळला नाही. "अगं, सगळी माणसं तिथे उभी असतात ना, आपण निघतो त्या जागेशी. मी पुढे गेलो की त्या बिचाऱ्यांना तेवढं चालत यायचं, मला ढकलत परत न्यायचं. बरं दिसतं का ते? त्यापेक्षा त्यांच्यापाशीच थांबलेलं बरं."

तिला आधी हसू आलं. म्हणजे हा थांबा होता. म्हातारीकोतारी माणसं पायरीशी उभी आहेत, त्यांना चार पावलंसुद्धा चालायला लागू नये म्हणून दार नेमकं त्यांच्यासमोर आणून उभं करायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. इतके दिवस ती त्यांच्या हाताला दोष देत होती आणि दोष होता त्यांच्या भल्या स्वभावाचा. पण हसता हसता ती थबकली. याचा अर्थ असा की सासरे दर वेळी माणसांचा नेम धरून उतरत होते, आणि ती माणसं वाचत होती ती फक्त ब्रेक लागत होता म्हणून.

मग तिने कप खाली ठेवला आणि शाळेत सांगावं तसं सांगितलं. उतरायचं ते नेहमी जिथे कुणीच नाही तिकडे तोंड करून. पुढे मोकळं रान पाहिजे, ब्रेक मुळीच नाही लागला तरी पुरेल एवढं. बसला सहा चाकं आणि खाली डांबर असतं, इथे एकुलतं एक चाक आणि खाली गवत. गवत ओलं असेल आणि चाक आवळलं तर ते फिरणारच नाही, साबणाच्या वडीसारखं घसरत जाईल, आणि घसरणाऱ्या ग्लायडरला वळवता येत नाही. म्हणून आधी वेग हवेतच मरू द्यायचा. स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारी उजव्या हातातली दांडी, हळूहळू मागे घेत राहायची, ग्लायडरला उडवेनासं होईपर्यंत उडतं ठेवायचं, आणि दमलं की चाक आणि शेपटी दोन्ही मिळून टेकतील. मग पायांखालच्या पेडलनी सरळ ठेवा, पंख आडवे ठेवा, आणि पळू द्या. ब्रेक त्यानंतर, तोही बोटाबोटाने, स्टिक पोटाशी धरूनच. शेपटी उचलली गेलीसं वाटलं की लगेच हात सैल.

सासऱ्यांनी आपला कप रिकामा केला. मग म्हणाले, "म्हणजे शेपटी म्हणजे मागे उभी असलेली म्हातारी. मी कचकन ब्रेक लावला की ती पुढे येऊन पडणार."

"अगदी तसंच," ती म्हणाली.

कळलं खरं, पण हाताला कळायचं बाकी होतं. पुढच्या सुट्टीला तिने अख्खा दिवस ब्रेकवर बंदी घातली. पंखावरच्या पट्ट्या हव्या तेवढ्या उघडा, पण दांडीच्या चालीतल्या त्या शेवटच्या चार बोटांना हात लावायचा नाही. त्या दिवशी प्रत्येक वेळी ग्लायडर पळत पळत मैदानाच्या मध्याच्याही पुढे जाऊन आपोआप विसावायचं, आणि मंडळी ऊन झेलत तिथवर चालत जायची. सासरे झाकण उघडून प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागायचे. मिस्त्री म्हणाले, मागा खुशाल माफी, माझी पँट सैल झाली हे बायकोला दाखवता येईल. संध्याकाळपर्यंत माफीचा सूर जरा कमी झाला. तिला मागच्या सीटवरून त्यांचे खांदे दिसायचे, ते आता टेकण्याआधी कानापर्यंत चढत नव्हते.

त्यानंतर तिने ब्रेक थोडा थोडा परत दिला. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक फेऱ्यांत उतरताना आपण मागे बसून काहीच केलेलं नाही. हात नुसते मांडीवर होते.

त्या दिवसाची सकाळ उजाडली तेव्हा पहाटे एक सर पडून गेली होती. वर आकाश धुतल्यासारखं, पण गवताच्या मुळाशी ओल. नवरा सकाळीच म्हणाला होता की मी येत नाही, मला घरी कामं आहेत. 

मैदानाचा सगळा कारभार मोठे सर पाहायचे. घरच्या माणसाला घरच्या माणसाने एकटं सोडायचं नाही, असा त्यांचा दंडक होता, म्हणून सकाळी ते स्वतः सासऱ्यांच्या मागे बसून दोनदा उडून आले. उतरून तिच्याजवळ आले, हातमोजे काढत म्हणाले, माझ्याकडून हरकत नाही. "पण मी दोनदा बसलो. रोज मागे तू बसतेस. तू सांग."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते ग्लायडरच्या पंखाशी उभे राहून मिस्त्रींशी बोलत होते, एक हात पंखावर, जसा एखाद्याने जुन्या मित्राच्या खांद्यावर ठेवावा. तिला नवऱ्याचा त्या रात्रीचा आवाज आठवला. हो म्हटलं आणि काही झालं, तर त्या घरात आपण कुठल्या तोंडाने राहणार, हा विचार अगदी स्वच्छ तिच्या मनात आला. नाही म्हटलं, तर ते फक्त स्वतःच्या भीतीपोटी होईल, हेही तेवढंच स्वच्छ.

"सोडू या, सर," ती म्हणाली.

मागच्या सीटचे पट्टे तिने स्वतः आवळून बांधले, कशात अडकू नयेत म्हणून. मग पुढे वाकून सांगितलं की बाबा, मागे मी नाही म्हणजे ग्लायडर हलकं, ते टेकायला नेहमीपेक्षा वेळ घेईल, तुम्ही घाई करू नका. सासरे म्हणाले, "हो, मॅडम." बाकी सगळे ताई म्हणत, पण मैदानावर ते तिला मॅडमच म्हणायचे आणि गाडीत बसलं की पुन्हा सूनबाई. तिने काचेचं झाकण लावलं. तार ताणली गेली, गवतातून सळसळत गेली, आणि ग्लायडर असं उचललं गेलं की तिला तिच्या पोटरीत ओढ जाणवली.

वर सगळं ठीक होतं. तार सुटली, नाक सरळ झालं, ग्लायडर शांतपणे डावीकडे वळून मैदानाच्या कडेने फिरू लागलं. पहिली फेरी लहानच असते. वर जायचं, एक चौकोन पुरा करायचा आणि खाली यायचं.

त्याच वेळी वकीलसाहेब उतरत होते. हे मैदानावरचे जुने सभासद, त्यांचं एका सीटचं स्वतःचं ग्लायडर होतं. ते छान उतरले, पळत आले, आणि ऐन मैदानाच्या मधोमध फाट्कन आवाज झाला. टायर फुटला होता. ग्लायडर गचका खाऊन थोडं तिरकं होऊन उभं राहिलं. वकीलसाहेबांना काही झालं नव्हतं. ते बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून चाकाकडे पाहू लागले. मिस्त्री आणि आणखी दोघं धावले, ढकलून पाहिलं, पण फुटक्या टायरचं धूड ओल्या गवतात रुतलं ते हलेना.

मोठ्या सरांनी ओरडून सगळ्यांना ग्लायडर तिथेच सोडून डाव्या कडेला व्हायला सांगितलं. मग त्यांनी रेडिओचा माइक उचलला. सासरे तोवर शेवटच्या वळणाजवळ आले होते. आता उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती हिशोब करत उभी राहिली. वकीलसाहेबांच्या अलीकडे जागा होती, पण बेताची. तिथे उतरायचं तर चाक आवळून थांबावं लागेल, आणि गवत ओलं. डावीकडे माणसं. उजवीकडची पट्टी मोकळी होती, पंखाला पुरेल एवढी रुंद, पण त्या वाटेने गेलं तर पार पुढे जायचं, जिथे जमीन किंचित उताराला लागते आणि तारेचं कुंपण आहे.

"सांगू का त्यांना?" मोठ्या सरांनी विचारलं.

तिचं मन सांगा म्हणत होतं. पण पहिल्यांदा एकटा असलेल्या माणसाच्या कानात ऐन वेळी आवाज आला की त्याचे हात कुणाचं ऐकतील हे सांगता येत नाही. तिने ग्लायडरकडे पाहिलं. वळण पुरं होत होतं. ते नेहमीच्या रेषेत आलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग उजवा पंख जरासा झुकला.

"नको, सर. त्यांना दिसलंय," ती म्हणाली.

पंखांवरच्या पट्ट्या अर्ध्या उघडल्या. ग्लायडर उजव्या पट्टीच्या रेषेत येऊन सरळ झालं, खाली खाली येत राहिलं, गवतावर हातभर उंचीवर आलं आणि तरंगू लागलं. हलकं होतं, टेकेना. ती ओठांतल्या ओठांत बसू द्या, बसू द्या म्हणत होती, आणि कुणाला सांगत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. मग एकदाचं चाक आणि शेपटी एकत्र टेकली. आवाजसुद्धा झाला नाही.

समोर डाव्या हाताला वकीलसाहेबांचं ग्लायडर तिरकं उभं. सगळे बघत होते की आता ब्रेक लागतो, आता शेपटी उचलते. सासऱ्यांनी ब्रेक लावला नाही. पंख आडवे ठेवून, नाक सरळ ठेवून ग्लायडर तसंच पळत राहिलं. पंखाचं टोक वकीलसाहेबांच्या पंखाच्या टोकाजवळून गेलं. मध्ये एखादी खोली मावेल एवढं अंतर असेल, पण तिथून पाहणाऱ्यांना दोन्ही पंख चिकटल्यासारखे दिसले आणि मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ग्लायडर पलीकडे निघून गेलं होतं.

पण अजून संपलं नव्हतं. उतार लागला होता, कुंपण जवळ येत होतं. आता मात्र ब्रेक हवा होता. लागला. शेपटी वीतभर उचलली गेली.

 एवढ्या लांबून हात दिसत नाही, फक्त शेपटी दिसते, आणि शेपटी हवेत होती. नाक खाली जातंय असं वाटलं. आणि मग शेपटी पुन्हा खाली आली, अलगद, कुणीतरी हात धरून बसवल्यासारखी. तिला कळलं की हात सैल झाला. मग पुन्हा थोडा ब्रेक, पुन्हा थोडा, आणि ग्लायडर हळूहळू चालत्या माणसाच्या वेगावर आलं, थांबलं, क्षणभर दोन्ही पंख तोलून उभं राहिलं आणि एक पंख गवतावर टेकवून निवांत झालं. कुंपण अजून चांगलं पुढे होतं.

मोठ्या सरांनी माइक खाली ठेवला.  ती पळत सुटली.  मध्येच तिला इतकं हसू आलं की धाप लागली.

ती अर्ध्यावर पोचली तेव्हा तिला दिसलं की ग्लायडरजवळ आधीच कुणीतरी उभं आहे. कुंपणापलीकडे रस्ता होता. त्या रस्त्यावर झाडाखाली त्यांची गाडी लावलेली. तिचा नवरा कुंपण ओलांडून आला होता, पँटचा एक पाय गुडघ्यापाशी टर्रकन फाटलेला, आणि दोन्ही हातांनी पंखाचं टोक धरून उभा होता. पंख धरायची आता काही गरज नव्हती. पण काहीतरी धरायला हवंच होतं त्याला, असं त्याच्याकडे पाहून वाटलं.

सासरे झाकण उघडून आतच बसले होते. पट्टे सोडलेले, पण उठायची इच्छा दिसत नव्हती. तिला पाहिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वकीलसाहेबांचा. "त्यांना लागलं नाही ना?"

नाही म्हणाली ती. टायर फुटला, बाकी काही नाही. मग ती ग्लायडरच्या कडेला टेकून खाली गवतात बसली. सासऱ्यांनी हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. एरवी ते कुणाला फारसं जवळ घेणारे नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं. वळतानाच त्यांना मध्ये उभं ग्लायडर दिसलं होतं. "पहिल्यांदा मनात आलं, अलीकडेच दाबून उभं करावं. हात मागे गेलासुद्धा. मग म्हटलं, खाली ओलं आहे, घसरलो तर सरळ त्यांच्या अंगावर. पुढे मोकळं आहे तर जाऊ दे पुढे." त्यांनी निळ्या दांडीकडे पाहिलं. "शेवटी मात्र जरा जास्तच लागला."

"पण सोडलात," ती म्हणाली.

"सोडला," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

बाकीची मंडळी येऊन पोचली. वकीलसाहेबांनी झाकणातून वाकून सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ हलवत राहिले. न्यायालयात तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसाला त्या वेळी एवढंच सुचलं. मोठ्या सरांनी चाकाच्या खुणा पायाने चाचपून पाहिल्या. घसरल्याची खूण कुठेच नव्हती, गवत नुसतं दबलं होतं. ते म्हणाले, चहा झाल्यावर आणखी एक फेरी मारून घ्या, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. आणि सासऱ्यांनी ती मारली.

मधल्या वेळात ग्लायडर ढकलत मागे नेताना नवरा तिच्या बाजूला आला.  फाटकी पँट दर पावलागणिक फडफडत होती. मग म्हणाला की मी सकाळपासून रस्त्यावरच उभा होतो. घरी बसवेना, आत यायला मन होईना.

"मी तुझ्यावर रागावणार होतो," तो म्हणाला. "काय काय बोलायचं सगळं ठरवून आलो होतो. आता काही आठवतच नाहीये."

"आठवलं की बोल," ती म्हणाली.

तो हसला, आणि तिच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत दोघांमध्ये जे काही अवघडून बसलं होतं ते उठून गेलं आहे. कधी गेलं ते तिने पाहिलंच नाही. तिने त्याच्या हाताशेजारी आपला हात सरकवला आणि दोघं ढकलत राहिले.

घरी परतताना सासरे मागच्या सीटवर मान टाकून झोपले, ते थेट दाराशी जागे झाले. जेवणं लवकर उरकली. सासरे म्हणाले मी जरा पडतो, आणि दोन मिनिटांत त्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाहेर नवऱ्याने परगावच्या बहिणीला फोन लावला होता आणि तो सगळं पहिल्यापासून सांगत होता.

त्याच्या सांगण्यात मैदान दुप्पट मोठं झालं होतं, वकीलसाहेबांचं ग्लायडर मोडून आडवं पडलं होतं, आणि दोन पंखांमधलं अंतर चार बोटं उरलं होतं. पट्ट्यांना तो पाती म्हणत होता, विंचला क्रेन. बहिणीने बहुधा विचारलं असावं की मग त्यांनी लगेच ब्रेक का नाही लावला, कारण त्याचा आवाज एकदम जाणत्या माणसाचा झाला.

"नाही गं, लगेच नसतो लावायचा," तो सांगत होता. "आधी पळू द्यायचं. आणि मग हळूहळू, चारही चाकांना सारखा."

चाक एकच असतं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने नळ बारीक केला, ओले हात पदराला पुसले आणि ओट्याला टेकून पुढचं ऐकत उभी राहिली.